वळणात शिरण्याआधी वेग कमी करा, वळणात नाही! क्रांती चौक ते औट्रम घाट : दुचाकीस्वारांनी ध्यानात ठेवायच्या गोष्टी

छत्रपती संभाजीनगर : कन्नड, सिल्लोड, फुलंब्री, पैठण, गंगापूर... कोणत्याही तालुक्यातून शहरात आलेला दुचाकीस्वार जालना रोडवरच्या क्रांती चौकातून कधी ना कधी जातोच. कोणाला घाटी दवाखान्यात पेशंटकडे जायचं असतं, कोणाला पैठण गेटला खरेदीला, तर कोणाला रेल्वे स्टेशनवर. येता-जाता ही मंडळी शेकडो वळणं घेतात. पण वळण नेमकं कसं घ्यायचं, हे बहुतेकांना कोणी शिकवलेलं नसतं. आरटीओच्या मैदानात आठाचा आकडा काढला, लायसन्स हातात पडलं, की शिक्षण संपलं. सरळ रस्त्यावर ते खपून जातं. वळणावर मात्र हिशोब चुकला की गाडी एक तर समोरच्या गाडीवर जाते, नाहीतर साईडपट्टीवरून खाली.

वेग दुप्पट, ओढ चौपट

वळणावर गाडी बाहेर का फेकली जाते? चालत्या गाडीचा ओढा सरळ जाण्याकडे असतो. तिला वळवून धरण्याचं काम फक्त दोन टायर करतात, आणि टायरचा तळहाताएवढाच भाग रस्त्याला टेकलेला असतो. वेग दुप्पट झाला की टायरवरचा हा ताण दुप्पट नाही, चौपट होतो.

साधारण ३० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. ते ताशी ३० किलोमीटर वेगाने घ्यायचं तर गाडी अंदाजे १३ अंश झुकवावी लागते. ताशी ४० ला २३ अंश. आणि ताशी ६० ला तब्बल ४३ अंश! एवढी झुकवली तर रोजच्या वापरातल्या गाडीचा फूटरेस्ट किंवा स्टँड रस्त्याला घासायला लागतो. त्यात रस्त्यावर गिट्टी, माती किंवा पाणी असेल तर गाडी त्याच्या आधीच घसरते.

म्हणून पहिला नियम : जो काही ब्रेक मारायचा, जो काही गिअर कमी करायचा, तो गाडी सरळ उभी असतानाच. वळणात शिरल्यावर रेस अगदी हलकी आणि एकसारखी ठेवायची. रस्ता परत सरळ दिसायला लागला की मग हळूहळू वेग वाढवायचा.

टायरची पकड म्हणजे एक भाकरी समजा. वळणाने त्यातली बरीच खाल्ली तर ब्रेकसाठी तुकडाच उरतो. झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक एकदम दाबला की पुढचं चाक निसटतं, ते याच कारणाने. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. त्याने सरळ रस्त्यावर चाक लॉक होत नाही, ही मोठी सोय आहे. पण जास्त वेगात, झुकलेली गाडी घसरण्यापासून साधं एबीएस वाचवेलच, या भरवशावर राहू नका.

जिथे नजर, तिथे गाडी

खड्ड्याकडे बघत राहिलं की गाडी नेमकी खड्ड्यातच जाते, हा अनुभव सगळ्यांचा आहे. वळणावरही तेच. समोरून आलेल्या ट्रककडे किंवा कठड्याकडे टक लावून बघू नका. मान वळवून, वळण जिथे संपतं तिकडे बघा.

दूर बघताना रस्त्याच्या दोन्ही कडा एका ठिकाणी जुळल्यासारख्या दिसतात. ती जागा जवळ जवळ येत असेल तर वळण आवळत चाललंय, वेग आणखी कमी करा. ती पुढे सरकत असेल तर वळण उघडतंय.

किती वेग बरोबर? जितका रस्ता डोळ्यांना दिसतोय, तेवढ्यात गाडी थांबवता आली पाहिजे. ताशी ६० ला गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते, म्हणजे ब्रेकला हात जाईपर्यंत तेवढा रस्ता संपलेला असतो. गावाकडच्या एकेरी डांबरी रस्त्यावर तर दिसतंय त्याच्या निम्म्यातच थांबता यायला हवं, कारण समोरचाही त्याच पट्टीतून येत असतो.

उजवं वळण वेगळं, डावं वेगळं

उजव्या वळणावर आपल्या लेनच्या डाव्या बाजूने चला. पुढचं लांबपर्यंत दिसतं. मधल्या पट्टीला चिकटून गेलात तर चाकं आपल्या लेनमध्ये असली तरी झुकलेलं डोकं आणि खांदा समोरच्या लेनमध्ये जातो. डाव्या वळणावर झाडी किंवा दरड आड येते, म्हणून थोडं उजवीकडे राहिल्यास जास्त दिसतं. पण मधली पट्टी ओलांडायची नाही. वळणावर ओव्हरटेक तर नाहीच नाही.

हँडलची उलटी गंमत

२५–३० च्या वर वेग असताना दुचाकी हँडल फिरवून वळत नाही, झुकून वळते. उजवीकडे जायचं तर उजव्या हाताने हँडल हलकंसं पुढे ढकलायचं, गाडी उजवीकडेच झुकते. डावीकडे जायचं तर डावा हात. विमानाचा शोध लावणारे राईट बंधू आधी सायकली बनवायचे आणि विकायचे. वळताना सायकलस्वार आधी क्षणभर उलट्या बाजूला हँडल नेतो आणि त्याला स्वतःलाही ते कळत नाही, हे विल्बर राईट यांनी तेव्हाच ओळखलं होतं. मोकळ्या, रिकाम्या रस्त्यावर कमी वेगात हे करून बघा. वळण अचानक आवळलं तर हीच सवय कामी येते.

वळणात शिरल्यावर वेग जास्त वाटला तर? घाबरून ब्रेक दाबण्याचा मोह होतो, तिथेच घात होतो. हातात जागा असेल तर गाडी सरळ करून मग दोन्ही ब्रेक लावा. जागा नसेल तर नजर वळणाच्या शेवटावर ठेवा, हँडल आतल्या बाजूने ढकलून गाडी आणखी थोडी झुकवा आणि मागचा ब्रेक अगदी हलका लावा.

घाटात पेट्रोल वाचवू नका

औट्रम घाट असो, चौका घाट असो की अजिंठ्याचा घाट, उतारावर गाडी बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये सोडण्याची अनेकांची सवय आहे. चार-दोन रुपयांचं पेट्रोल वाचतं, पण इंजिनचा अटकाव जातो. सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर कमी लागतात. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. वळणात क्लच दाबून ठेवू नका. स्कूटरला इंजिनचा अटकाव कमी मिळतो, म्हणून स्कूटर आणखी हळू. औट्रम घाटात जड वाहनांना २०२३ मध्ये खंडपीठाच्या आदेशाने बंदी घातली गेली, यावरूनच त्या वळणांचं गांभीर्य लक्षात यावं.

डबलसीट आणि दुधाचे कॅन

मागे माणूस बसला की गाडी थांबायला जास्त जागा लागते. मागच्याने वळणावर उलट्या बाजूला कलू नये, चालवणाऱ्यासोबत कलावं. बाईमाणूस एका बाजूला बसलेली असेल तर वेग आणखी कमी हवा. पदर, ओढणी चाकापासून दूर खोचलेली हवी.

दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना सारख्या वजनाचे बांधा. अर्धा भरलेला कॅन जास्त धोक्याचा, आतलं दूध हिंदकळून गाडी ओढतं. चाऱ्याचा भारा आडवा बांधला असेल तर तो कठड्याला किंवा समोरच्या गाडीला अडकू शकतो.

क्रांती चौकात वळताना

चौकातलं वळण कमी वेगाचं, पण धोका वेगळा. पुलाच्या खांबाआडून पायी माणूस किंवा रिक्षा अचानक पुढे येते. वळण्याच्या बरंच आधी इंडिकेटर द्या, आरशात बघा आणि एकदा मान वळवूनही बघा. बस किंवा ट्रक डावीकडे वळत असेल तर त्याच्या डाव्या बाजूच्या फटीत घुसू नका. मोठ्या गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून वळतात आणि तिथला दुचाकीस्वार ड्रायव्हरला दिसत नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑईल वर येतं आणि झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे निसरडे होतात. त्यांच्यावर गाडी शक्यतो सरळ ठेवा.

हंगाम बघून चालवा

मक्याच्या दिवसांत रस्त्यावर दाणे वाळत घातलेले असतात. टायरखाली ते छर्ऱ्यासारखे सरकतात. ऊसतोडीच्या दिवसांत वळणापलीकडे दिव्याविना ट्रॉली उभी असू शकते. रात्री म्हणूनच वेग हेडलाईटच्या उजेडापुरताच ठेवा.

निघण्याआधी दोन मिनिटं द्या. टायर थंड असताना हवा तपासा, टायरची नक्षी झिजून खाचेतल्या खुणेला लागली असेल तर टायर बदला, साईड स्टँड वर केलाय का ते बघा. हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागच्यालाही कायद्याने सक्तीचं आहे. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना आधीच निसटून जातं.

एवढं करूनही अपघात दिसला तर १०८ ला ॲम्ब्युलन्ससाठी किंवा ११२ ला फोन करा. जखमीचं हेल्मेट ओढून काढू नका आणि गरज नसताना त्याला हलवू नका. मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तसं संरक्षण दिलेलं आहे. त्यामुळे कोर्ट-कचेरीच्या भीतीने कोणी पुढे निघून जाऊ नये.