३१-३०

नेब्रास्कातल्या कुठल्याही जुन्या घरात नुसतं "एकतीस-तीस" म्हणा, पुढचं काही सांगावं लागत नाही. आजोबा मान हलवतात, मधली पिढी वाद उकरून काढते आणि तेव्हा जन्मलीही नव्हती अशी नातवंडं त्या वादात तावातावाने उतरतात. २ जानेवारी १९८४ च्या रात्री मायामीत झालेल्या एका फुटबॉल सामन्याचा हा निकाल. त्यात नेब्रास्का हरलं. या संघाच्या नावावर पाच राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. पण लिंकन शहरात राहायला आल्यापासून मी सर्वांत जास्त वेळा ऐकली ती या पराभवाची गोष्ट. इथली घरं आपल्या संघाशी कशी बांधली गेली आहेत ते समजून घ्यायचं, तर या गोष्टीपाशीच यावं लागतं.

हे फुटबॉल म्हणजे आपल्या कोल्हापूर-गोव्याचं फुटबॉल नव्हे. चेंडू लंबगोल असतो आणि तो बहुतेक वेळ हातात असतो. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे जातो. त्यांच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाऊन, म्हणजे सहा गुण. त्यानंतर एक निवड करायची असते. खांबांमधून चेंडू लाथेने उडवला तर एक गुण, आणि तो जवळजवळ हमखास मिळतो. किंवा तीन यार्डांवरून पुन्हा पट्ट्यात घुसायचं. जमलं तर दोन गुण, नाहीतर काहीच नाही. ही निवड लक्षात ठेवा.

अमेरिकेत व्यावसायिक संघ खेळतात ते मुख्यतः रविवारी. शनिवार कॉलेजांचा. कॉलेजचा सामना म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा येते, चार मित्र आणि एक प्राध्यापक बघायला आलेले. इथे लाखाच्या वर प्रेक्षक बसतील अशी आठ स्टेडियम आहेत आणि आठही विद्यापीठांची आहेत. वानखेडेवर सुमारे ३३ हजार माणसं मावतात, म्हणजे अंदाज येईल. नेब्रास्कात तर फुटबॉल, बास्केटबॉल किंवा बेसबॉलच्या अव्वल व्यावसायिक लीगमधला एकही संघ नाही. वीसेक लाख वस्तीचं, मका आणि गुराढोरांवर जगणारं हे राज्य. सगळ्यांचा संघ एकच, लिंकनच्या विद्यापीठाचा, नाव कॉर्नहस्कर्स. ज्या घरातून कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, तिथेही त्याला "आमचा संघ" म्हणतात. मला या खेळाकडे ओढलं ते या हक्काने.

मेमोरियल स्टेडियम १९२३ मध्ये उभं राहिलं, युद्धात गेलेल्या नेब्रास्काच्या माणसांच्या स्मरणार्थ. १९६२ मध्ये वायोमिंगहून बॉब डेव्हानी प्रशिक्षक म्हणून आले. त्याआधीची काही वर्षं संघ सतत मार खात होता. ३ नोव्हेंबर १९६२ ला मिसूरीविरुद्ध ३६,५०१ प्रेक्षकांनी मैदान भरलं. तो सामनाही नेब्रास्का हरलं. पण त्या दिवसापासून इथल्या एकाही सामन्याची तिकिटं शिल्लक राहिल्याची नोंद नाही. ही मालिका आता चारशेच्या वर गेली आहे. दरम्यान स्टेडियम वाढत वाढत ऐंशी-नव्वद हजारांचं झालं. सामन्याच्या शनिवारी ओमाहा आणि लिंकननंतर राज्यातलं तिसरं मोठं शहर म्हणजे हे स्टेडियम, असं इथे अभिमानाने सांगतात आणि ते खरं आहे.

आमच्या शेजारच्या कुटुंबाकडे हंगामी तिकिटं आहेत ती डेव्हानींच्या काळापासून. आजी-आजोबांची तेव्हा पश्चिमेकडे शेती होती. शनिवारी पहाटे जनावरांचं आवरून मुलांना गाडीत घालायचं, दुपारी लिंकन गाठायचं आणि सामना संपला की रात्री परत. जागा चार आणि मुलं पाच, त्यामुळे पाळी ठरलेली असे. आजोबा गेले तेव्हा तिकिटं आजींच्या नावावर झाली. आता थोरल्या लेकीच्या नावावर करायची, की दोघांत वाटायची, हा त्या घरातला जमिनीच्या वाटणीइतकाच गंभीर विषय आहे. मृत्युपत्रात तिकिटांचा उल्लेख असणं किंवा घटस्फोटात त्यांच्यावरून अडून बसणं हे इथे कुणाला नवल वाटत नाही.

आजींनी मला एकदा त्यांच्या जागेवर नेलं. खुर्च्या नव्हेतच. लांबलचक बाक, त्यावर रंगवलेले आकडे, दोन आकड्यांमध्ये माणूस जेमतेम मावेल एवढं अंतर. थंडीत जाड कोट घातल्यावर तेही उरत नाही. मागच्या रांगेतल्या गृहस्थांनी आजींना न विचारता पाठीला टेकायला आपले गुडघे पुढे केले. ही दोन घरं वर्षानुवर्षं एकापुढे एक बसत आली आहेत. एकमेकांची लग्नं, बाळंतपणं, ऑपरेशनं त्यांना ठाऊक आहेत, आणि तरीही एकमेकांच्या घरी ती कधी गेलेली नाहीत. सामना संपल्यावर पाहुणा संघ मैदानाबाहेर जाताना त्याच्यासाठी टाळ्या वाजवायची इथली जुनी रीत आहे. आजी उभ्या राहिल्या. हरल्यामुळे चिडून बसलेल्या नातवाचं कोपर धरून त्यालाही उभं केलं. त्याने टाळ्या वाजवल्या.

आज सगळे सामने पडद्यावर दिसतात. पण १९८४ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल देईपर्यंत कॉलेज सामन्यांचं दूरदर्शनवरचं प्रक्षेपण एका राष्ट्रीय संघटनेच्या मुठीत होतं आणि एका संघाचे मोजकेच सामने दिसत. त्यामुळे जुन्या पिढीच्या आठवणी कानाच्या आहेत. मक्याची काढणी आणि फुटबॉलचा हंगाम एकाच वेळी येतो. ट्रॅक्टरवर रेडिओ लावलेला असायचा आणि त्यातून लायल ब्रेमसर यांचा आवाज. १९३९ पासून १९८३ पर्यंत त्यांनी समालोचन केलं. काही अचाट घडलं की ते "मॅन, वुमन अँड चाइल्ड!" असं ओरडत. १९७१ च्या थँक्सगिव्हिंगला, २५ नोव्हेंबरला, पहिल्या क्रमांकाचं नेब्रास्का दुसऱ्या क्रमांकाच्या ओक्लाहोमाच्या मैदानावर उतरलं. जॉनी रॉजर्सने समोरून आलेली किक झेलली आणि ७२ यार्ड पळत टचडाऊन केला. नेब्रास्का ३५-३१ ने जिंकलं. वर्षातल्या त्या सर्वांत मोठ्या जेवणाला पंगत बसेना, टर्की टेबलावर गार झाली, आणि स्वयंपाक केलेल्या आजी स्वतःच ताट सोडून उभ्या होत्या. हे सांगताना आजही त्या उभ्या राहतात.

आता ती रात्र. १९८३ च्या हंगामात नेब्रास्का बाराच्या बारा सामने जिंकून पहिल्या क्रमांकावर होतं. हंगामाअखेरचा मोठा सामना, ऑरेंज बाउल, मात्र मायामीविरुद्ध, मायामीच्याच गावात. सुरुवातीलाच मायामी १७-० ने पुढे गेलं. नेब्रास्काने बरोबरी केली. मायामी पुन्हा ३१-१७ वर पोचलं. मुख्य धावपटू माइक रोझियर जायबंदी होऊन बाहेर बसलेला. त्याच्या जागी आलेल्या जेफ स्मिथने एक टचडाऊन केला आणि मग शेवटचे ४८ सेकंद उरले असताना चौथ्या प्रयत्नात २४ यार्डांवरून दुसरा. ३१-३०.

प्रशिक्षक होते टॉम ऑस्बर्न. नेब्रास्काच्याच हेस्टिंग्ज गावचे, शैक्षणिक मानसशास्त्रात डॉक्टरेट घेतलेले, आवाज न चढवणारे. तेव्हा कॉलेज फुटबॉलमध्ये सामना बरोबरीत सुटला तर जादा डाव नसे. तो १९९६ मध्ये आला. राष्ट्रीय विजेता कोण हे पत्रकार आणि प्रशिक्षकांच्या मतांवर ठरे. एका लाथेने एक गुण घ्यायचा, ३१-३१, वर्षभरात एकही पराभव नाही, विजेतेपद जवळजवळ खिशात. ऑस्बर्न यांचं पहिलं विजेतेपद झालं असतं. त्यांनी दोन गुणांसाठी जायचं ठरवलं. नेब्रास्काच्या टर्नर गिलने जेफ स्मिथकडे चेंडू फेकला, मायामीच्या केनी कॅल्हूनची बोटं त्याला लागली आणि तो जमिनीवर पडला. मायामी विजेतं झालं.

शेजारच्या घरात यावर आजही एकमत नाही. थोरली लेक तेव्हा शाळेत होती. ती म्हणते, त्या मुलांनी वर्षभर रक्त आटवलं होतं, त्यांच्या हातातलं बक्षीस असं पणाला लावायचा अधिकार कुणालाच नव्हता. धाकट्याचं म्हणणं, जिंकायला गेलेल्या माणसाने जिंकायलाच खेळावं. आजींचं मत मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "बरोबरी घेऊन परत आली असती, तर त्या मुलांना जन्मभर खुलासे द्यावे लागले असते." मी आजींच्या बाजूची आहे. ऑस्बर्न यांना पहिलं विजेतेपद मिळायला पुढे अकरा हंगाम जावे लागले. १ जानेवारी १९९५ ला त्याच ऑरेंज बाउलमध्ये त्याच मायामीला त्यांनी २४-१७ ने हरवलं. १९९५ आणि १९९७ ची विजेतेपदंही आली. २५ हंगामांत २५५ विजय, आणि एकाही वर्षी नऊपेक्षा कमी नाहीत. निवृत्तीनंतर ते संसदेत निवडून गेले. पण त्यांच्याविषयी बोलताना इथली माणसं विजयांचे आकडे क्वचितच सांगतात. सांगतात ती ४८ सेकंदांची गोष्ट, आणि ती मुलांना वाढवताना सांगतात.

संघ घराघरात पोचण्याचं आणखी एक कारण म्हणजे वॉक-ऑन, शिष्यवृत्तीविना स्वखर्चाने संघात येणारी मुलं. नेब्रास्काने ही परंपरा इतरांपेक्षा जास्त जपली. पाचशे वस्तीच्या गावातला मुलगा येतो, वर्षानुवर्षं सरावात धक्के खातो आणि एखाद्या शनिवारी मैदानात उतरतो. मग ते गावच स्टेडियमवर येतं. सॅम फोल्ट्झ असाच वॉक-ऑन म्हणून आलेला, शेतकऱ्याच्या घरातला मुलगा. लांब किक मारणारा पंटर. जुलै २०१६ मध्ये मोटार अपघातात तो गेला. सप्टेंबरमध्ये हंगामाच्या पहिल्या सामन्यात किक मारायची वेळ आली तेव्हा नेब्रास्काने अकराऐवजी दहाच खेळाडू पाठवले. पंटरची जागा मोकळी. घड्याळ संपू दिलं, वेळकाढूपणाचा दंड झाला. समोरच्या फ्रेस्नो स्टेटने तो दंड घेतला नाही. स्टेडियम उभं राहिलं. शेजारचा नातू तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याच्या सगळ्या आठवणींत पहिली ही आहे, आणि ती टिकेल.

१९९९ नंतर नेब्रास्काने आपल्या गटाचंही विजेतेपद मिळवलेलं नाही. २०१७ ते २०२३, सलग सात हंगाम विजयांपेक्षा पराभव जास्त. २०२१ मध्ये नऊ पराभव झाले आणि नऊही दहापेक्षा कमी गुणांनी. या काळात तिकिटांची मालिका टिकावी म्हणून देणगीदार उरलेली तिकिटं विकत घेत होते, त्यामुळे तो आकडा निर्भेळ नाही. मात्र २०२१ पासून अशा देणगीच्या तिकिटांवर परवडत नसलेल्या घरांतली मुलं पहिल्यांदा आत आली. मला हा सौदा चांगला वाटतो. खेळाडूंना २०२१ पासून आपल्या नावाचे पैसे घेता येतात, तेही रास्तच आहे. इतकी वर्षं त्यांच्या जिवावर सगळ्यांनी कमावलं. पण पैशामागे दरवर्षी संघ बदलणाऱ्या मुलांना घरचं मानायचं कसं, हे आजींच्या पिढीला जड जातं.

आम्हा मराठी घरांतही हे हळूहळू झिरपलं. दिवाळीचा कार्यक्रम ठरवताना आमचं मंडळ आधी सामन्यांचं वेळापत्रक बघतं, कारण शनिवारी लिंकनमध्ये सामना असला तर हॉल रिकामा राहणार. इथे जन्मलेली मुलं चकली खात फोनवर गुण बघतात. माझी लेक या विद्यापीठात शिकते. विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये ती अख्खा सामना उभ्याने बघते आणि संध्याकाळी बसलेल्या घशाने फोन करते.

३० ऑगस्ट २०२३ ला याच मैदानात व्हॉलीबॉलचं कोर्ट टाकलं. नेब्रास्काचा महिला संघ ओमाहाच्या विद्यापीठाविरुद्ध खेळला आणि प्रेक्षक होते ९२,००३. महिलांच्या कुठल्याही खेळाला अमेरिकेत त्याआधी एवढी गर्दी झालेली नव्हती. आजींच्या काळात मुलींना या मैदानात खेळायची सोयच नव्हती. त्या दिवशी त्यांनी चारही तिकिटं घरातल्या पोरींना दिली आणि पाचवं स्वतःसाठी वेगळं विकत घेतलं.