रिकाम्या ओटीचाही सव्वा महिना

कर्जत तालुक्यात भाताची लावणी वर्षातून दोनदा होते. एक जुलैत, पावसाच्या पाण्यावर. दुसरी जानेवारीत, जिथं राजनाल्याचं पाणी पोचतं त्या गावांत. भिवपुरीच्या टाटा वीजगृहात १९२२ पासून वीज तयार होते आणि तिथून सुटलेल्या पाण्यावर खालची उन्हाळी खाचरं भिजतात. दोन्ही हंगामांत खाचरात वाकलेली माणसं मोजली तर बायकाच जास्त भरतात. घरचा पुरुष सकाळची लोकल धरून बदलापूर-कल्याणकडे कामाला जातो. राबातलं आवण खणणं, मुठी बांधणं, लावणं, बेणणी हे सगळं बाईच्या अंगावर पडतं, आणि घरची चूल, गोठा, पाणी वेगळं.

कृषी विभागाच्या कामासाठी बांधावर फिरताना आमच्या वहीत क्षेत्र, वाण, खत, कीड-रोग असे रकाने असतात. लावणीच्या रांगेतली एखादी ताई चार-सहा दिवस दिसली नाही आणि परत आली ती गप्पगप्पच, याला रकाना नसतो. शेजारणीला विचारलं की खालच्या आवाजात उत्तर येतं, "तिला राहिलं होतं. टिकलं नाही." त्यावर कुणी काही बोलत नाही. रांग पुढं सरकते.

शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असं काही वाचकांना वाटेल. पण शेती जिच्या हातांवर चालते तिचं दुखणं हा शेतीचाच विषय आहे. मूल झालं की आपल्याकडं बाईला सव्वा महिना मिळतो. शेक-शेगडी, अळिवाचे आणि डिंकाचे लाडू, गरम पाण्याची आंघोळ, जड कामाला मनाई. मूल हाती आलं नाही तर यातलं काहीच मिळत नाही. खरं तर अंग तितकंच झिजलेलं असतं, आणि मन त्याहून जास्त. रिकाम्या ओटीनं घरी आलेल्या बाईलाही तिचा सव्वा महिना मिळाला पाहिजे.

दोष कुणाचा?

पहिला प्रश्न हाच निघतो. जड उचललं असेल, पपई खाल्ली असेल, अमावास्येला ओढ्यावर गेली असेल, कुणाची नजर लागली असेल. घरातलं कुणी बोललं नाही तरी ती स्वतःच मनात हा हिशेब मांडत बसते.

वैद्यकशास्त्र काय सांगतं ते पाहा. दिवस गेल्याचं कळलेल्या दर शंभर बायकांपैकी साधारण दहा ते पंधराजणींचा गर्भ सुरुवातीच्या महिन्यांत पडतो. यातल्या निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. तिथं बाईच्या खाण्यापिण्याचा, चालण्याबोलण्याचा संबंध नसतो. पूर्ण वाढीच्या जवळ आलेली बाळं पोटातच जाण्याचं प्रमाणही लहान नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२० च्या अहवालात जगभरात वर्षाला सुमारे वीस लाख मृत जन्म होतात असं म्हटलं आहे. म्हणजे दर सोळा सेकंदांना एक.

भाताच्या प्रमाणित बियाण्याला किमान ८० टक्के उगवण लागते. शंभरातले वीस दाणे रुजले नाहीत तरी ते बियाणं चांगलंच धरतात, आणि त्या वीस दाण्यांसाठी आपण जमिनीला शिव्या घालत नाही. मग बाईला का घालायच्या? ही तुलना मात्र इथंच थांबवावी. "जाऊ दे, पुढच्या वर्षी दुसरं होईल," असं लोक समजूत घालण्यासाठीच म्हणतात, पण ऐकणारीला ते लागतं. गेलेलं मूल म्हणजे वाया गेलेला राब नव्हे आणि पुढचं मूल म्हणजे दुबार पेरणी नव्हे. पुढचं कधी, हे डॉक्टरांना विचारून आणि तिच्या मनाची तयारी पाहून नवरा-बायकोनं ठरवावं. सासूबाईंनी पंचांग काढू नये.

एक गोष्ट आधीच पाळण्यासारखी आहे. गरोदर बाईला औषध फवारणीच्या कामाला लावू नये, फवारलेल्या शेतात लगेच उतरवू नये, फवारणीचे कपडे धुवायला देऊ नयेत. ही काळजी पुढची म्हणून घ्यायची. मागचं उकरून "तूच गेली होतीस ना शेतात," असं म्हणण्यासाठी नव्हे.

आधी अंग सांभाळा

गर्भ पडल्यानंतर आठवडा-दोन आठवडे थोडा रक्तस्राव होऊ शकतो. पण तासाला दोन घड्या भिजतील इतकं अंगावरून जात असेल, ताप आला, घाण वास येऊ लागला, पोटात असह्य कळा आल्या किंवा चक्कर येऊन पडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, कशेळ्याला ग्रामीण रुग्णालय आहे, नेरळला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. भगताकडं जायचंच असेल तर दवाखान्यातून आल्यावर जावं.

रक्तगट विचारून घ्यावा. बाईचा गट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत एक इंजेक्शन लागू शकतं, नाहीतर पुढच्या गरोदरपणाला धोका होतो. त्याबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारावं.

चार-पाच महिन्यांनंतर गर्भ गेला असेल तर छातीत दूध येतं. हे कुणी आधी सांगत नाही. बाळ नाही आणि पदर भिजतो, त्या क्षणी बाई कोसळते. घरातल्या मोठ्या बाईनं तिला आधीच सांगून ठेवावं की असं होईल, काही दिवसांत थांबेल. छाती पिळू नये, त्यानं दूध वाढतं. आधार देणारं कापड बांधावं, गार पाण्याची घडी ठेवावी. गाठ, लाली आणि ताप आला तर डॉक्टरांना दाखवावं.

खाण्यात हात आखडू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के रक्तक्षय असलेल्या निघाल्या. त्यात रक्त गेलेलं. नाचणीची भाकरी, मूग, वाल, पालेभाजी, अंडं, सुकट, जे घरात असेल ते तिच्या ताटात पहिलं पडू द्या. लोहाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्याव्यात आणि त्या चहाबरोबर घेऊ नयेत. अळिवाचा लाडू बाळंतिणीनंच खायचा असतो असा काही शासन निर्णय निघालेला नाही.

दुःख आणि आजार

मूल गेल्याचं दुःख होणारच. रडू येणं, झोप न लागणं, दुसऱ्याचं बाळ पाहवत नाही, हे स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस, रोज आणि दिवसभर मन खालीच राहिलं तर तो आजार असू शकतो. त्याला डॉक्टर नैराश्य म्हणतात. गावात ते वेगळ्या रूपात दिसतं. दूध उतू जातं आणि ती चुलीपुढंच बसलेली असते. वेणीफणी सुटते. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. डोकं दुखतं, कंबर दुखते, अंगात ताकद नाही, एवढंच ती सांगते. घरचे म्हणतात आळस आलाय, नाटकं करते. तापाला आपण नाटक म्हणत नाही, मग यालाही म्हणू नये.

बायका असलं काही बोलत नाहीत, याचा पुरावा जुना आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी करून १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग निघाले आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. शरीराच्या दुखण्याची ही गत, तर मनाच्या दुखण्याचं काय सांगावं!

नवऱ्याकडंही लक्ष हवं. मूल त्याचंही गेलेलं असतं. त्याला कुणी विचारत नाही, तोही बोलत नाही, आणि संध्याकाळी स्टेशनवरून घरी यायच्या ऐवजी दुसरीकडं वळतो. दोघांनी रात्री जेवल्यावर ओट्यावर दहा मिनिटं बसावं. गेलेल्या बाळाचं नाव मनात ठरवलं असेल तर ते उच्चारावं. बोलल्यानं दुःख वाढत नाही.

काम हप्त्याहप्त्यानं

यातून उठण्याचा एक सोपा मार्ग आपल्या शेजारच्या गोव्यात तपासून पाहिला गेला आहे. २०१३ ते २०१५ या काळात तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९३ रुग्णांवर हा अभ्यास झाला. मूल गमावलेल्यांपुरता तो नव्हता, सर्व प्रकारचे रुग्ण त्यात होते. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या माणसांनी रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्या शंभरातले ६४ जण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ होतं.

बैठकांचं सूत्र असं, की बरं वाटलं की काम करू, म्हणून थांबायचं नाही. पूर्वी मनाला बरं वाटायचं असं एखादं छोटं काम निवडायचं, वेळ ठरवायची आणि मन असो-नसो तेवढं करायचं. जमलं की दुसरं जोडायचं.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. भाताला नत्र आपण एकदम ओतत नाही, हप्त्यानं देतो. दुखावलेल्या बाईला कामही तसंच द्यावं. पहिले काही दिवस निव्वळ विश्रांती. मग सकाळी अंगणात ऊन खात बसणं, स्वतःची वेणी घालणं, परसातल्या मिरचीला दोन तांबे पाणी. पुढच्या आठवड्यात तांदूळ निवडणं, कोंबड्यांना दाणे, संध्याकाळी जावेबरोबर देवळापर्यंत चालणं. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर वालाच्या शेंगा तोडणं, मग अर्धा दिवस शेत. हंडा, भारा आणि वाकून लावणी सगळ्यात शेवटी. "काहीच करू नकोस, पडून राहा," हेही महिनाभर चाललं तर वाईट, आणि आठव्या दिवशी चिखलात उतरवणं त्याहून वाईट. मधेच एखादा दिवस उठवणार नाही. तो दिवस सोडून द्यावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा परसापासून सुरू करावं.

बैठका घेणारं कुणी जवळ नसलं तरी शासनाची टेलिमानस सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की फुकट आणि मराठीतही बोलता येतं. औषध लागलं तर डॉक्टर देतील, ते मधेच आपल्या मनानं बंद करू नये.

आणि एक अगदी आमच्या खात्यातलं सांगणं. कीटकनाशक लागेल तेवढंच आणा. उरलेली बाटली आढ्याला, माळ्यावर ठेवू नका. कुलपात ठेवा आणि किल्ली घरातल्या सावध माणसाकडं द्या. "मला जगून काय करायचंय," असं ती म्हणाली तर ते बोलणं हसण्यावारी नेऊ नका. एकटं सोडू नका, सरळ विचारा, १४४१६ ला फोन लावा, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

गावानं काय करावं?

नोकरदार बाईला गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा देण्याची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवलेली आहे. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस, आपल्या सव्वा महिन्याच्या जवळपास. स्वतःच्या शेतात राबणारीला आणि रोजंदारीवर जाणारीला ही रजा देणारा मालक नाही. ती गावानंच द्यायची आहे. लावणीला सावड असते, त्यात तिची पाळी बाकीच्यांनी वाटून घ्यावी. बचत गटानं तिचा हप्ता महिनाभर पुढं ढकलावा.

ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची नोंद होते तशी १९६९ च्या कायद्यानं मृत जन्माचीही नोंद व्हावी लागते. ती नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याला सगळ्यांत आधी कळतं, कुठल्या घरात काय घडलं. त्यानं वही मिटण्याआधी आशाताईंना निरोप द्यावा. नवजात बाळ असलेल्या घरी आशाताईंच्या भेटींचे दिवस ठरलेले असतात, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत. बाळ नसलेल्या घरीही त्या दिवसांना कुणीतरी जावं, असं गावाच्या आरोग्य समितीनं ठरवून टाकावं. त्याला वेगळा निधी लागत नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत गर्भपात किंवा मृत जन्म झाल्यास पुढच्या गरोदरपणी तिला नवी लाभार्थी धरतात, हेही अंगणवाडीताईंनी योग्य वेळ पाहून सांगावं.

गावातली साधी माणसं हे करू शकतात का? अमरावती जिल्ह्यात तीस गावांमध्ये गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून नैराश्याचं काम उभं केलं गेलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातल्या चार जणांनाच उपचार मिळत होते, दीड वर्षात हे प्रमाण २७ वर गेलं. गावं विदर्भातली, कोरडवाहू, आपल्यापेक्षा अडचणीतली.

शेवटी बायाबापड्यांना एक विनंती. मूल गेलेल्या बाईला ओटीभरणातून, हळदीकुंकवातून, बारशातून आपण हळूच वगळतो. ती बोलत नाही, पण तिला कळतं. तिलाही बोलावणं धाडा. यायचं की नाही ते तिला ठरवू द्या. आली तर नेहमीच्या जागी बसवा, कुंकू लावा, आणि नाही आली तर दुसऱ्या दिवशी तिच्या वाट्याचा प्रसाद घेऊन तुम्ही तिच्या दारात जा.