तावदानांची खिडकी आणि सरकते काचेचे दार

खंडाळ्याच्या घाटमाथ्यावरील व लोणावळ्याच्या जुन्या वस्तीतील बंगल्यांचे मालक, त्याचप्रमाणे पवन मावळात अलीकडे घरे घेतलेली मंडळी, यांच्या मनात एक कल्पना दृढमूल झालेली दिसते. ती ही की, लहान लहान तावदानांच्या सागवानी खिडक्या काढून त्यांच्या जागी भिंतभर सरकती काचेची दारे बसविली म्हणजे घर एकाच वेळी उजळ, कोरडे, शांत आणि थंड होते. या चार अपेक्षांपैकी उजेडाची अपेक्षा बहुधा पूर्ण होते. उरलेल्या तिन्हींविषयी मात्र अनेक गैरसमज प्रचलित असून, त्यांचे निराकरण करताना पुण्यामुंबईस जे चालते ते मावळात चालतेच असे नाही, याचे स्मरण पदोपदी ठेवावे लागते.

लोणावळ्यात वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुणे शहरात तो सातशे-साडेसातशेच्या आसपास असतो. परंतु पावसाच्या परिमाणापेक्षा त्याची दिशा येथे अधिक महत्त्वाची आहे. नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर स्वार झालेली झड भिंतीवर आडवी आदळते, आणि खंडाळ्याची रमणीय दरीही पश्चिमेलाच उघडते; त्यामुळे ज्या बाजूला काचेचे दार हवेसे वाटते, नेमकी तीच बाजू पावसाच्या माऱ्याची आणि दुपारनंतरच्या उन्हाचीही असते. या एका भौगोलिक अडचणीतून पुढील बहुतेक प्रश्न उद्भवतात.

लाकूड जुने झाले म्हणजे ते कुजणारच, असे गृहीत धरून खिडकी मोडीत काढली जाते. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला आतून लागलेल्या लाकडी फासळ्या आणि स्तूपावरील लाकडी छत्र सुमारे दोन हजार वर्षे मावळच्याच दमट हवेत टिकून आहेत, कारण पर्जन्यजलाचा स्पर्श त्यांना होत नाही; लाकडाचा नाश वयाने होत नसून साचलेल्या पाण्याने होतो, याचा याहून सबळ पुरावा शोधण्याचे कारण नाही. बंगल्यातील खिडकी बारकाईने पाहिली तर उभी लाकडे बहुधा ठणठणीत आढळतात आणि बिघाड असतो तो तळच्या आडव्या पट्टीत, तावदानाच्या खालच्या कडेशी. जवसाचे तेल आणि खडूची भुकटी मळून केलेली लांबी वर्षानुवर्षांच्या उन्हाने सुकून तडकते, त्या भेगेतून पाणी लाकडात शिरते, आणि वरून चढविलेला तेलरंगाचा जाड थर ते पाणी पुन्हा बाहेर पडू देत नाही. पावसाळ्यात झडप अडकते ती लाकूड फुगल्यामुळे, हे खरे. तथापि सागवान हे कमी फुगणाऱ्या लाकडांत गणले जाते, आणि अडकण्यामागे एकावर एक साचलेले रंगाचे थर किंवा सैल पडून झुकलेली बिजागरी हीच कारणे वारंवार असतात. रंग खरवडून, लांबी नव्याने भरून, बिजागऱ्या बदलून आणि तळची पट्टी तेवढी नव्या सागाची जोडून कसबी सुतार अशी खिडकी पुन्हा कामाची करतो. म्हणून जुनी खिडकी काढावी की नाही, याचा निकाल तिच्या वयावर लावू नये.

सर्वांत हानिकारक गैरसमज सरकत्या दाराच्या तळाशी आहे. दार बंद केले की पाण्याला मज्जाव झाला, असे बहुसंख्य लोक मानतात. बिजागरीवर फिरणारी झडप कडी लावताच चौकटीच्या खाचेवर दाबून बसते. सरकणाऱ्या झडपेला सरकण्यासाठी फट ठेवावीच लागते, आणि ती फट बारीक तंतूंच्या ब्रशपट्टीने झाकलेली असते. त्या पट्टीतून थोडे पाणी खालच्या ट्रॅकमध्ये येणार, हे तिच्या रचनेतच अभिप्रेत असून, ते बाहेर काढण्यासाठी ट्रॅकच्या बाहेरील अंगाला निचऱ्याची छिद्रे पाडलेली असतात. शांत पावसात ही योजना उत्तम चालते. वारा सुटला म्हणजे मात्र बाहेरच्या हवेचा दाब आतल्यापेक्षा वाढतो, आणि पाण्याला बाहेर पडण्यासाठी त्या दाबाविरुद्ध झगडावे लागते. वाऱ्याचा वेग ताशी ७२ किलोमीटर झाला की त्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे २४० न्यूटन भरतो, व तेवढा दाब पाण्याची पातळी सुमारे २४ मिलीमीटर उचलून धरतो. ट्रॅकची आतली कड वीसच मिलीमीटर उंच असेल, तर ट्रॅकमध्ये साचलेले पाणी ती ओलांडून दिवाणखान्यात उतरणे अपरिहार्य आहे. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर, धरला आहे, आणि डोंगरउतारावरील इमारतींसाठी त्यात वाढ करण्याची तरतूदही आहे. इतका वारा दरवर्षी सुटत नाही, हे मान्य केले तरी घाटमाथ्यावरील घराने सपाटीवरील घराच्या मापाचा ट्रॅक घेऊ नये, एवढे यावरून निश्चित होते.

पाणी आत आले की घरमालक बहुधा सिलिकॉनचा आश्रय घेतो, आणि पाणी छिद्रांतून बुडबुडत येताना दिसल्यामुळे ती छिद्रेच बुजवून टाकतो. याहून चुकीचा उपाय नाही. कारण वारा थांबल्यावर ज्या वाटेने ट्रॅक रिकामा व्हायचा ती वाटच बंद होते आणि पुढच्या सरीचे पाणी साठण्यास जागा उरत नाही. खरा उपाय आतली कड उंच असण्यात, छिद्रांवर बाहेरून झडपी बसविण्यात, आणि ट्रॅकमधील पाने व गाळ मृगापूर्वी साफ करण्यात आहे. जमिनीशी समतल, उंबरा नसलेले दार दिसावयास सुंदर असते, हे मी नाकारीत नाही. परंतु ज्या दारावर खोल ओसरी किंवा रुंद छज्जा नाही अशा पश्चिमाभिमुख ठिकाणी ते बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मूठ फिरविताच झडप खाली बसून गॅस्केटवर दाबली जाते, अशा उचलून सरकणाऱ्या दारांचा पर्याय उपलब्ध आहे. त्यांचा खर्च अधिक असला तरी झडीच्या बाजूस तो सार्थकी लागतो.

काचेविषयीच्या कल्पनांकडे वळण्यापूर्वी हे सांगावेसे वाटते की, मावळचा काचेशी असलेला संबंध आजचा नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणसामाणसाकडून एकेक पैसा जमवून उभ्या केलेल्या पैसा फंडातून, लोकमान्य टिळकांच्या पाठबळाने, तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये काच कारखाना सुरू झाला, आणि काचकामाचे शिक्षण घेतलेले तरुण तेथून बाहेर पडले. त्याच तालुक्यात आज असे ऐकू येते की, जुन्या तावदानातील काच कालांतराने ओघळून तळाशी जाड होते, आणि म्हणून ती बदलावी. हे निराधार आहे. सामान्य तापमानाला काच माणसाच्या किंवा इमारतीच्या आयुष्यात मोजता येईल इतकी वाहत नाही. जुन्या काचेतील लाटा व जाडीतील तफावत ही ती बनविण्याच्या तत्कालीन पद्धतीची खूण आहे. वितळलेल्या कथलावर काच तरंगवून ती एकसारखी सपाट करण्याची पद्धत इंग्लंडातील पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली, त्यानंतरच निर्दोष सपाट काच सर्वत्र सुलभ झाली.

टफन्ड काच फुटत नाही, ही समजूतही तितकीच चुकीची. सहाशे अंशांहून अधिक तापवून थंड हवेच्या झोतांनी एकदम निवविलेली ही काच साध्या काचेच्या चार ते पाच पट मजबूत असते. पण तिच्या कडेवर घाव बसला तर ती क्षणार्धात संपूर्ण विखुरते. तुकडे बारीक व बोथट होतात, त्यामुळे गंभीर इजा टळते, आणि याच कारणासाठी माणसाच्या उंचीच्या दारात ती किंवा लॅमिनेटेड काच घेणे आवश्यक आहे. मात्र ही काच जागेवर कापता येत नाही. मापाप्रमाणे कारखान्यातूनच आणावी लागते. जुलैमध्ये तावदान फुटले तर बाजारातला काचवाला त्याच दिवशी नवे कापून देतो; जुलैमध्ये भिंतभर काच फुटली तर नवी येईपर्यंत घराला ताडपत्रीचाच आधार असतो. शिवाय वजनाचा विचार हवा. आठ मिलीमीटर जाडीची काच दर चौरस मीटरला वीस किलो भरते. एक मीटर वीस सेंटीमीटर रुंद व दोन मीटर चाळीस सेंटीमीटर उंच झडपेत केवळ काचच सत्तावन्न किलोंहून अधिक होते, आणि स्वस्तातले रोलर या भाराखाली लवकर झिजतात.

दुहेरी काचेने द्रुतगती मार्गाचा गोंगाट बंद होतो, असे सांगितले जाते. वास्तविक आवाज प्रथम फटींतून येतो, आणि सरकत्या दारात फटी असतातच. उष्णतेच्या बाबतीत, सहा मिलीमीटरची साधी पारदर्शक काच सूर्याच्या उष्णतेपैकी सुमारे चार पंचमांश आत येऊ देते. पडदा ती अडवितो तेव्हा ती घरात शिरून चुकलेली असते, म्हणून सावली बाहेरून हवी. वारा येण्याच्या दृष्टीने पाहता दोन झडपांचे सरकते दार अर्धेच उघडते, तर तावदानांची खिडकी पूर्ण उघडते. जुन्या खिडकीचे लोखंडी गज गेल्यावर सुरक्षिततेची तजवीजही निराळी करावी लागते. अडसर न लावलेले सरकते दार लोणावळ्याची माकडेसुद्धा ढकलू शकतात.

खिडकीखालची भिंत तोडली की दार झाले, ही समजूत गवंडीकामाला फार सोपे लेखते. काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या भारवाही भिंतीत खिडकीच्या डोक्यावर पुष्कळदा कमान असते, आणि तिचा रेटा दोन्ही अंगांच्या भिंतींवर जातो. खिडकीची रुंदी तीच ठेवून फक्त तळ उतरविणे तुलनेने निर्धोक असले, तरी रुंदी वाढविताच कमानीचा आधारच नाहीसा होतो, आणि वर नवी तुळई घालण्यापूर्वी भिंतीला टेकू देणे अगत्याचे ठरते. हे काम फॅब्रिकेटरचे नव्हे, बांधकाम अभियंत्याचे आहे. परवानगीची गरज नाही, असेही सर्रास सांगितले जाते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये सूट आहे ती इमारतीच्या केवळ अंतर्भागावर परिणाम करणाऱ्या, किंवा बाह्य स्वरूपात लक्षणीय फरक न पाडणाऱ्या कामांना. दर्शनी भिंतीत नवे दार फोडणे या सवलतीत बसेलच असे नाही. तेव्हा लोणावळ्यात नगरपरिषदेकडे, आणि ग्रामीण मावळात पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, काम सुरू करण्यापूर्वीच अर्ज करून लेखी उत्तर दफ्तरी ठेवावे.

माझा सल्ला असा की, झडीच्या बाजूच्या सुस्थितीतील खिडक्या दुरुस्त करून राखाव्यात, आणि सरकते दार ओसरीच्या आडोशाला किंवा पूर्वेकडे घ्यावे. दरीकडे ते घ्यावयाचेच असेल, तर पुरेसा छज्जा आधी बांधावा. माप भिंत पूर्ण सुकल्यावर, हिवाळ्याच्या अखेरीस घ्यावे, आणि दार बसल्यावर बाहेरून पाइपाच्या जोरदार धारेने तासभर पाणी मारून आतली जमीन कोरडी राहते की नाही ते पाहावे. ही कसोटी करारात आधीच लिहून घ्यावी, आणि बिलाचा अखेरचा हप्ता तिच्यानंतरच अदा करावा.