फुलकिडे : नाव एक, जाती अनेक



गेल्या आठवड्यात पाचवीतल्या एका मुलाने घरच्या शेतातली कांद्याची पात वर्गात आणली. पातीवर पांढरट चट्टे पडलेले. म्हणाला, "सर, हे फुलकिडे. मिरचीवर पण हेच असतात. बाबा दोन्हीकडे एकच औषध मारतात." म्हटलं, थांब बाबा, दोन्हीकडचे किडे खरंच एकच आहेत का ते आधी बघू.

फुलकिडा म्हणजेच थ्रिप्स. लांबी जेमतेम एक-दीड मिलिमीटर. पंख अरुंद काडीसारखे, पण त्यांच्या कडेला बारीक केसांची झालर असते. म्हणून या कीटकांच्या गणाचं नाव थायसॅनोप्टेरा, म्हणजे झालरपंखी. आणखी एक गंमत म्हणजे याचा फक्त डावा जबडा वाढलेला असतो, उजवा नाहीच! त्या डाव्या जबड्याने पान खरवडून तो रस शोषतो. पातीवरचे चट्टे त्याचेच.

या गणात ६,००० हून अधिक जाती आहेत. त्यातल्या एका प्रजातीचं नावच 'थ्रिप्स'. हे नाव कार्ल लिनिअसने १७५८ साली दिलं. (वर्तमानपत्रात जातीलाच 'प्रजाती' लिहितात, तिथे गोंधळू नका. प्रजाती म्हणजे आडनाव आणि जाती म्हणजे त्या घरातली एकेक व्यक्ती असं समजा.) या एकाच आडनावाखाली २७५ हून अधिक जाती आहेत!

कांद्यावरचा तो थ्रिप्स टबॅसी. १८८९ साली त्याचं वर्णन झालं ते तंबाखूवरून, म्हणून हे नाव. याच्या माद्या नराशिवायही पिल्लं देतात. त्याचा भाऊ थ्रिप्स पाल्मी भुईमुगाच्या शेंडेमर रोगाचा विषाणू पसरवतो. दोघांना ओळखायचं कसं? डोक्यावरच्या तीन साध्या डोळ्यांचा रंग बघायचा. पाल्मीचे लाल, टबॅसीचे राखाडी. अर्थात सूक्ष्मदर्शकाखाली! शिवाय केस कुठे, किती लांब, मिशीला सात भाग की आठ, हेही तज्ज्ञ मोजतात.

आता मिरची. तिच्यावर आपल्याकडे जुना असतो तो सिर्टोथ्रिप्स डॉर्सॅलिस. तो 'थ्रिप्स' प्रजातीचा नाहीच, आडनावच वेगळं. तो कोवळी पानं खरवडतो, मग कडा वर वळून पान होडीसारखं होतं. पण २०१५ मध्ये बेंगळुरूला पपईवर आग्नेय आशियातला थ्रिप्स पार्व्हिस्पायनस सापडला. २०२१ मध्ये आंध्र, तेलंगणात त्याने मिरचीच्या फुलांवर हल्ला केला. फुलं गळाली, फळं धरेनात. शेतकरी पानं बघत होते आणि किडा बसला होता फुलात. जुनाच थ्रिप्स समजून फवारण्या वाढल्या, खर्चही वाढला, पण किडा काही आटोक्यात आला नाही.

त्या मुलाला दुसऱ्या दिवशी मिरचीची फुलं आणायला सांगितली. पांढऱ्या कागदावर फूल झटकलं की काळपट, पिवळसर ठिपके चालायला लागतात. तुम्हीही करून बघा. मात्र नुसत्या रंगावरून जात ठरवू नका. टबॅसीच कधी पिवळसर तर कधी तपकिरी असतो. खात्री हवी असेल तर किडे छोट्या बाटलीत अल्कोहोलमध्ये ठेवून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. बाटलीवर पिकाचं नाव, तारीख आणि किडा पानावर होता की फुलात, एवढं लिहायला विसरू नका.