उसवू देणारी लोकर

दुकानात शिरल्या शिरल्या भाचीनं वेलवेटचा एक गुंडा उचलला आणि गालाला लावला. गडद वांगी रंग, हाताला लोण्यासारखा. "मावशी, हीच घेऊया. आईच्या गुडघ्यांवर किती छान वाटेल!"

तुळशीबागेजवळच्या त्या दुकानात मी बरीच वर्षं जातेय. क्रोशा शिकायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण पहिला गुंडा असाच गालाला लावून निवडतो. मायेच्या माणसासाठी काही विणायचं तर मऊच हवं, हे स्वाभाविकही आहे. पण पहिल्या पांघरुणाची लोकर गालानं निवडू नये. ती डोळ्यांनी आणि बोटांनी निवडावी, कारण पहिलं पांघरूण विणताना निम्मा वेळ उसवण्यात जातो.

मी तिला त्या गुंड्याचं टोक धरायला सांगितलं आणि त्यावरून नख ओढलं. मखमली लव चिमटीत आली आणि आतला नागडा, केसाएवढा दोरा उघडा पडला. वेलवेटची लोकर म्हणजे बारीक दोऱ्याच्या पिळात अडकवलेली आखूड लव. दोनदा उसवलं की लव झडते आणि तेवढा भाग टकला दिसतो. शिवाय लवेखाली टाका दिसतच नाही, सुई कुठे घालायची ते चाचपडून शोधावं लागतं. केसाळ मोहेरचं दुखणं उलटं. त्याचे केस एकमेकांत असे गुंततात की उसवायला गेलं तर गाठच बसते.

टाका दिसणं एवढं महत्त्वाचं का? क्रोशाच्या प्रत्येक खांबाच्या डोक्यावर दोन दोऱ्यांची छोटी वेणी असते. पुढच्या ओळीत सुई त्या वेणीखालून जाते. ओळीतल्या शेवटच्या खांबाची वेणी जराशी आडवी पडते आणि नवशिका नेमका तोच खांब विसरतो. ओळीमागे एक खांब गळाला की वीस ओळींत कड तिरकी झालेली असते आणि चौकोनाचा त्रिकोण व्हायला लागतो. ताईच्या पांघरुणात एका ओळीत ११२ खांब होते. वांगी रंगात, रात्री ट्यूबलाइटखाली, ते मोजणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. काळा, गडद निळा आणि चॉकलेटीही म्हणूनच नको. एकाच गुंड्यात चार रंग बदलणारी लोकर दिसते सुंदर, पण टाके लपवते. आम्ही अबोली रंग घेतला. ताईचा आवडता, आणि फिकट.

मग पीळ पाहिला. टोकाचा दोरा दोन बोटांत धरून उलटा फिरवला तर चार पदर सुटे झाले, सोडताच परत एकमेकांना बिलगले. अशी लोकर सुईला साथ देते. पीळ सैल असला तर सुईचं टोक दोऱ्याखालून जाण्याऐवजी पदरांच्या मधून घुसतं, दोरा चिरतो आणि दर तिसऱ्या टाक्याला थांबावं लागतं. नंतर अंगठ्यानं वीसेक वेळा तोच भाग चोळला. गोळे धरले नाहीत.

पदर म्हणजे जाडी नव्हे, हेही सांगायला हवं. बंडलावर 'चार प्लाय' लिहिलेली एक लोकर शिवणाच्या दोऱ्याची थोरली बहीण वाटते, तर दुसरी चांगली जाड निघते. मी पर्समधली पट्टी काढून एका इंचावर शेजारी शेजारी वेढे दिले. दहा-अकरा बसले. ही मध्यम जाडी ५ मिलिमीटरच्या सुईला शोभते. यापेक्षा बारीक घेतली तर पांघरूण वर्षभर हातावेगळं होत नाही आणि बहुतेक जण तिथंच ते सोडून देतात.

आपल्याकडे दुकानात मागतो 'लोकर' आणि बंडलात असतं अ‍ॅक्रिलिक. वर्धमान असो की गंगा, मूळ लुधियानाचं, आणि रोजच्या विणकामाच्या बहुतेक गुंड्यांत मेंढीचा केसही नसतो. खात्री करायची तर घरी, खिडकी उघडी ठेवून, स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात बोटभर दोरा धरून जाळून बघावा. आम्ही तीन जाळले. अबोली दोरा वितळत आत ओढला गेला आणि त्याचा काळा, टणक मणी झाला. सुती दोरा वातीसारखा जळला, कागद जळाल्याचा वास आणि राखाडी राख. तिसरा आजोबांच्या घोंगडीच्या दशीतला होता. तो धुमसत विझला, केस जळाल्याचा वास आला, आणि उरलेलं बोटांत चुरलं. दख्खनी मेंढीची ती खरी लोकर. भरड आणि चिवट, चिंचोक्याची खळ लावून मागावर विणलेली. तिचा मान मोठा, पण नवशिक्याच्या सुईची ती नव्हे.

अ‍ॅक्रिलिक निघालं म्हणून भाचीचा चेहरा उतरला. मला मात्र पहिल्या पांघरुणाला तेच योग्य वाटतं. ते हलकं असतं, त्याला कसर लागत नाही, गरम पाण्यात खऱ्या लोकरीसारखं आटून नमद्यासारखं घट्ट होत नाही आणि दहा वेळा उसवलं तरी कुरकुरत नाही. सूत जड असतं, ते ताणलं जात नाही, नवीन बोटं लवकर दुखतात. दोन पथ्यं मात्र पाळायची. अ‍ॅक्रिलिकला इस्त्री लावायची नाही, वाफेनंसुद्धा ते कायमचं लुळं पडतं. आणि ते अंगावर घेऊन शेगडीजवळ बसायचं नाही.

किती घ्यायची, हा प्रश्न मी दुकानात सोडवत नाही. आधी एकच गुंडा घेतला. भाचीनं घरी २० बाय २० सेंटिमीटरचा चौकोन विणला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. १९ ग्रॅम. ८० बाय १०० सेंटिमीटरमध्ये असे वीस चौकोन बसतात, म्हणजे ३८० ग्रॅम. वर किनार. दुसऱ्याच दिवशी आणखी चार गुंडे आणले, एकूण ५०० ग्रॅम, आणि पाचही गुंड्यांच्या पट्ट्यांवरचा लॉट नंबर जुळवून घेतला. भजी जशी घाण्याघाण्यानं तळतात तशी लोकर घाण्याघाण्यानं रंगते, आणि दोन घाण्यांचा रंग हुबेहूब एक नसतो. माझ्या पहिल्या पांघरुणाला लोकर कमी पडली, दिवाळीनंतर जाऊन मी उरलेली आणली. दुकानदार म्हणाले, रंग तोच आहे. दिव्याखाली तोच होता. उन्हात वाळत घातलं तेव्हा मधोमध पट्टा उमटलेला दिसला, तो आजही आहे.

ताईचं पांघरूण अडीच महिन्यांत झालं. वजन ४३६ ग्रॅम. उरलेला अर्धा-पाऊण गुंडा भाचीनं पट्टीसकट डब्यात ठेवलाय. कुठे टाका सुटला तर दुरुस्तीला त्याच घाण्याची लोकर लागेल.