नवेगावबांध : कोलू पाटलाचे तळे आणि थीम पार्कचे बेत

गोंदियाहून बल्लारपूरकडे जाणाऱ्या, एकेकाळी अरुंद मापाच्या असलेल्या रेल्वेमार्गावर सौंदड मागे पडले की धानाच्या बांध्यांपलीकडे निळसर डोंगरांची एक रांग दिसू लागते, आणि देवलगावच्या स्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशाला नवेगावबांधाचा जलाशय त्याच डोंगरांच्या कुशीत असणार हे कोणी सांगावे लागत नाही. गोंदिया जिल्ह्याचा इतिहास वाचकांस ठाऊक आहे. 1 मे 1999 रोजी तो भंडाऱ्यातून निराळा झाला, भातगिरण्यांनी व विड्यांनी त्याचे नाव राखले. याहून अधिक उजळणी येथे करीत नाही. या गावी येण्याचे माझे निमित्त निराळे होते. इंग्लंडात बेडफर्ड शहरानजीक युनिव्हर्सल कंपनी एक प्रचंड थीम पार्क उभारणार अशी वार्ता आल्यापासून, आपल्या पूर्व विदर्भात असे काही होण्याजोगे स्थळ आहे काय, या प्रश्नाने आमच्या संपादकांना घेरले होते. आणि तळे, डोंगर, वाघ व रेल्वे ही चारही साधने एकाच तहसिलीत लाभलेले गाव म्हणून अर्जुनी मोरगाव तालुक्यातील या गावाकडे त्यांनी बोट दाखविले.

बसथांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर हा विषय काढताच एक तरुण उत्साहाने म्हणाला, "झालं पायजे जी! खोपोलीले इमॅजिका हाये, आमच्या पोरायनं काय पाप केलं? तिकडं जाऊन यायचं म्हनलं का धानाचा आर्धा पैसा जाते." त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. धानाचा हंगाम आटोपला की रोजगारासाठी नागपूर-हैदराबादेची वाट धरणाऱ्या तरुणांच्या या मुलखात चार हातांना काम देणारी कोणतीही योजना प्रथमदर्शनी प्रियच वाटणार.

पण पाळीवर चढून गेलो आणि सुमारे अकरा चौरस किलोमीटरांचा तो जलविस्तार समोर आला, तेव्हा आकाशपाळण्यांचा हिशेब क्षणभर बाजूला राहिला. हे तळे निसर्गाने दिलेले नाही. ते माणसाने बांधलेले आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी नामक पुरुषाने दोन टेकड्यांमधील घळ मातीच्या पाळीने अडवून ते निर्मिले असे मानतात. कोहळी ही तळी बांधणाऱ्यांची जात. चांद्याच्या गोंड राजांनी त्यांना काशीहून आणविले अशी आख्यायिका आहे, आणि जो अरण्य तोडून तळे बांधील त्यास त्या पाण्याखाली भिजणारी जमीन वहिवाटीस द्यावी असा त्या राजांचा रिवाज असल्याचेही सांगतात. राज्यकर्त्याने तिजोरीतून कवडी न काढता मुलूख हिरवा करण्याची इतकी सुबुद्ध तजवीज पुढल्या राजवटींना साधली असे दिसत नाही.

लोकांनी कोलू पाटलाला मनुष्य राहू दिले नाही. तो कोलासुर देव झाला आणि तळ्याच्या काठी त्याचे ठाणे आहे. पाळ बांधताना ती पुनःपुन्हा खचू लागली तेव्हा सात बहिणी त्याच्या साहाय्यास धावल्या. तळ्याभोवतालची सात शिखरे म्हणजे त्याच भगिनी, आणि त्यांपैकी एकीचा पाय अद्याप पाण्यात आहे म्हणून हे तळे कधी आटत नाही, अशी श्रद्धा आहे. ही कथा मला अतिशय आवडली याचे कारण तिचा चमत्कार नव्हे. इतर ठिकाणी देव पर्वत उचलतात, समुद्र प्राशन करतात. येथे एका शेतकऱ्याने माती वाहिली, ती भक्कम टिकली, पिढ्यान्पिढ्या धान पिकले, आणि एवढ्याच भांडवलावर त्याला देवपद मिळाले. बांधकाम खात्यातील कोणी कंत्राटदार पुढेमागे असा देव होईल काय, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

काठावरच्या मोहाच्या झाडाखाली एक वृद्ध ढिवर जाळे विणीत बसले होते. त्यांच्या बोटांची गती न्याहाळीत मी बराच वेळ त्यांच्याजवळ बसलो, आणि खरे सांगायचे तर या भेटीतील सर्वांत मोलाचा भाग तोच होता. डाव्या हाताच्या बोटांवर फास धरून उजव्या हातातील सुईने गाठ मारायची, आणि प्रत्येक फास पूर्वीच्या फासाबरोबर जुळतो की नाही हे दृष्टीने न पाहता केवळ स्पर्शाने ओळखायचे, असा त्यांचा क्रम अखंड चालू होता. नायलॉनचे तयार जाळे बाजारात स्वस्त मिळत असता हा खटाटोप कशासाठी, असे विचारताच ते म्हणाले, "बजारच्या जाळ्यात पिल्लूबी अडकते जी. पिल्लू धरलं तं पुढच्या साली काय खावाचं?" लहान तळ्यांवरील जुन्या तुडुमांची रचना त्यांनीच मला समजावली. पाण्यात उतरत गेलेल्या पायऱ्यांसारख्या बांधणीत एकाखाली एक भोके असतात, ती लाकडी गुडद्यांनी बुजवलेली असतात, आणि पाणी जसजसे खाली जाते तसतसे खालचे भोक उघडून बांध्यांना पाणी सोडतात. कोणाच्या बांधीला किती वेळ, हे गावाने ठरवलेले असे, आणि त्यासाठी दस्तऐवजाची गरज पडत नसे.

पुढे मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, गेली. 1950 च्या कायद्याने मालगुजारांच्या ताब्यातील अशी हजारो तळी सरकारजमा झाली, आणि माजी मालगुजारी या नावाची आद्याक्षरे जोडून लोक त्यांना मामा तलाव म्हणू लागले. मोठी तळी पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे, मासे सहकारी संस्थांकडे, आणि गाळ मात्र कोणाकडेच नाही, अशी वाटणी झाली. तळ्यांतून बेशरमाचे झुडूप माजले, देशी पाणवनस्पती गेल्या आणि त्यांच्यामागे देशी मासे गेले. अलीकडे याच तालुक्यातील ढिवर स्त्रीपुरुषांनी अनेक तळ्यांतील बेशरम उपटून जुन्या वनस्पतींची पुनश्च लागवड केली, मासे व पाखरे परतली; जिल्ह्यातील अलीकडच्या सर्व योजनांमध्ये माझ्या मते हीच सर्वांत यशस्वी आहे, आणि तिची कोनशिला कोठेही नाही.

नवेगावबांधाला करमणुकीचे वावडे आहे असे मात्र कोणी समजू नये. राष्ट्रीय उद्यान 1975 साली जाहीर झाले, त्या सुमारास व नंतर येथे बालोद्यान, हिलटॉप गार्डन, विश्रामगृहे, पक्ष्यांचे अभयारण्य अशी हौसेने मांडणी झाली. माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखा रानाचा जाणता येथे होता, आणि त्यांच्या सहवासात वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी जे पाहिले ते 'नवेगावबांधचे दिवस' या पुस्तकामुळे महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचले. 2025 साली चितमपल्लींना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. आज बालोद्यानात फिरताना गंजलेली घसरगुंडी आणि रंग उडालेली बाके पाहून वाटले, की ज्यांना चार झोपाळ्यांना तेल घालणे जमले नाही त्यांच्या हाती चारशे एकरांचे यंत्रमय नगर द्यावयाचे म्हणजे धाडसच.

आता विलायतेचे पाहा. 9 एप्रिल 2025 रोजी जाहीर झालेला बेडफर्डचा पार्क 476 एकरांवर होणार, 2031 मध्ये उघडणार, आणि पहिल्याच वर्षी 85 लाख प्रेक्षक येतील अशी अपेक्षा आहे. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या शिरगणतीत तेरा लाखांच्या घरात होती, आणि मोठे शहर म्हणावे तर नागपूर, तेही शंभराहून अधिक किलोमीटरांवर. बेडफर्डला लंडन तासाभराच्या अंतरावर आहे. मात्र खरा मुद्दा प्रेक्षकांचा नसून जमिनीचा आहे. बेडफर्डची जागा जुन्या वीटभट्ट्यांची. जेथे दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीहून व पंजाबाकडून आलेल्या मजुरांनी घाम गाळला, त्या खणून पोखरलेल्या भूमीला नवा धनी मिळाला. याउलट केंट परगण्यात टेम्सच्या काठी स्वान्सकोम येथे 2012 पासून गाजलेला 'लंडन रिसॉर्ट'चा बेत पाहा. ती जमीनही सिमेंटच्या धंद्याने वापरून टाकलेलीच होती. परंतु मधल्या काळात तेथे दलदल, गवत, पाखरे आणि एक दुर्मीळ जातीचा कोळी वस्तीस आला होता, 2021 साली त्या जागेस संरक्षण मिळाले, आणि पुढल्या वर्षी कंपनीने आपला अर्ज मागे घेतला.

टाकून दिलेल्या जमिनीवर निसर्ग आपण होऊन परतला तरी इंग्रजांना तो टाळून जाता आले नाही. मग जे तळे तीन शतके एक दिवसही टाकून दिलेले नाही, ज्याच्यावर हिवाळ्यात चक्रवाक व तलवार बदके उतरतात, ज्याला लागून डिसेंबर 2013 पासूनचा नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प आहे, आणि ज्या जिल्ह्याच्या धानबांध्यांत महाराष्ट्रातील उरलेसुरले सारस आपली घरटी करतात, तेथे ध्वनिक्षेपक व दिव्यांचे झोत आणण्याचा विचार कोणत्या मापाने मोजावा? वन्यजीव मंडळाच्या मंजुऱ्यांचे अडथळे आहेतच. ते नसते तरी माझा कौल विरुद्धच पडला असता.

शिवाय पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीला करमणूक कधी उसनी आणावी लागली नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार रंगते, वडसा-देसाईगंजच्या मंडळ्यांची नाटके रात्रभर चालतात, आणि थंडीत कांबळे पांघरून पहाटेपर्यंत बसणारा प्रेक्षक तिकीट काढून आलेला असतो. हा धंदा कोणत्याही परदेशी कंपनीच्या आराखड्यावाचून चालला आहे. त्याला चांगले मैदान, पाणी व शौचालये दिली तरी रोजगार वाढेल.

तेव्हा जिल्ह्यास थीम पार्क हवाच असेल तर तो बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात किंवा मुरमाच्या रिकाम्या खाणीत व्हावा, आणि तळ्याच्या काठी आधी बालोद्यानाचे झोपाळे दुरुस्त व्हावेत, अशी संबंधितांस विनंती आहे. ज्या वाचकांस तळे पाहावयाचे असेल त्यांनी डिसेंबर-जानेवारीत जावे, देवलगावला उतरावे, दुर्बीण जवळ ठेवावी, आणि मुलांना अवश्य बरोबर न्यावे.