स्वच्छतागृहातील ब्रश निवडताना

घराचे काम काढले की फरशी, नळ आणि कमोडच्या रंगावर दिवसेंदिवस चर्चा होते. स्वच्छतागृहातील ब्रश मात्र अगदी शेवटी, हाताला लागेल तो उचलला जातो. सोलापुरात हा निष्काळजीपणा जरा महागच पडतो. उजनी धरणापासून सुमारे ११० किलोमीटर लांबीची जलवाहिनी असूनही या शहराने वर्षानुवर्षे काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर संसार केला आहे. पिंपात साठवलेले पाणी बादलीभर ओतताना हात आखडतो. साहजिकच, अन्यत्र जे काम पाण्याच्या लोटाने होते, ते येथे ब्रशला करावे लागते.

त्यातच अनेक वसाहतींमध्ये वापरासाठी बोअरचे पाणी असते. काळ्या पाषाणातून येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. भांड्यात पाणी जेथे स्थिरावते तेथे त्यांचा पिवळट थर बसतो आणि त्या खडबडीत थराला मळ चिकटतो. अशा वेळी सर्वांत राठ ब्रश, प्रसंगी तारेची घासणीही वापरली जाते. हे टाळावे. भांड्यावरील काचेसारख्या लेपावर एकदा ओरखडे उमटले की डाग अधिकच लवकर धरतात. क्षारांचा थर आम्लाने विरघळवावा लागतो. लिंबूसताचे दाट पाणी रात्रभर राहू दिल्यास पातळ थर सैल होतो. मग मध्यम राठ नायलॉनचा ब्रश पुरेसा ठरतो.

बाजारातील तीव्र आम्लयुक्त द्रावण वापरायचे असेल, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आपल्याकडे सर्रास दिसणारी शहाबादी फरशी हा चुनखडीचाच दगड आहे. ब्रशवरून ठिबकणाऱ्या आम्लाने तिच्यावर कायमचे पांढरे डाग पडतात. दुसरी गोष्ट जिवाशी संबंधित आहे. साठवणीच्या पाण्यासाठी घरात ठेवलेली ब्लीचिंग पावडर आणि हे द्रावण चुकूनही एकत्र येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो.

आकाराचे म्हणाल तर, कमोडसाठी गोल डोक्याचा आणि कडेखाली पोहोचणारी बाकदार बाजू असलेला ब्रश घ्यावा. भारतीय बैठकीच्या भांड्याला लांब दांड्याचा, चपटा व किंचित तिरका ब्रश सोयीचा. नायलॉनचे केस तारेच्या पिळात बसवलेले असतील, तर ती तार गंजते आणि भांड्यावर तांबूस रेघा उमटतात. म्हणून केस प्लास्टिकच्या डोक्यात रोवलेले असावेत. अलीकडे आलेले सिलिकॉनचे ब्रश पाणी धरून ठेवत नाहीत आणि लवकर सुकतात, हा त्यांचा मोठा गुण. जुना क्षार काढण्यास मात्र ते मऊच पडतात.

खरी पारख करावी ती स्टँडची. बंद, खोलगट स्टँड दिसायला नीटनेटका असतो, पण ओला ब्रश त्यात ठेवला की तळाशी घाण पाणी साचते. दुर्गंधी येते, जंतू वाढतात. आठवडा-दहा दिवस न हलवलेल्या थोड्याशा पाण्यातही डासांची पैदास होऊ शकते. पाण्याची पिंपे आठवड्यातून एकदा कोरडी करणाऱ्या घरांतही या भांड्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. यासाठी हवा खेळती राहील असा, तळाची वाटी सहज काढून धुता येईल असा स्टँड निवडावा. भिंतीवर अडकवायचा असल्यास उत्तमच, खालची फरशीही पुसता येते. स्टीलचा स्टँड आम्लाच्या थेंबांनी डागाळतो. साधे जाड प्लास्टिक अधिक टिकते.

ब्रश धुण्यासाठी वेगळे पाणी लागत नाही. घासून झाल्यावर फ्लश सोडावा, त्याच प्रवाहात ब्रश खळाळावा आणि दांडा कमोडच्या बैठकीखाली आडवा दाबून दहा मिनिटे निथळू द्यावा. सोलापूरच्या उन्हात अधूनमधून तासभर वाळवणे चांगले; गच्चीवर दिवसचे दिवस ठेवल्यास मात्र प्लास्टिक ठिसूळ होते. हे काम करायला बाई येत असतील, तर दांडा पुरेसा लांब असावा आणि शेजारी त्यांच्यासाठी रबरी हातमोजेही ठेवावेत.

केस बाहेर वाकले की ब्रश बदलावा. जुना ब्रश मोरी घासायला ठेवण्याची अनेक घरांत सवय असते. त्याच मोरीत भांडी घासली जात असतील, तर तो टाकूनच द्यावा.